निळं टोक
चौऱ्याण्णव साली परदेशी कंपनीच्या पहिल्या पगारातून सुधन्वाने सुतारकाम करणाऱ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, फरीदाबादच्या घरी विजेवरचा ग्राइंडर आणला आणि न विचारताच त्यांची लाकूड तासायची लाडकी पटाशी त्यावर धरली. ठिणग्या उडाल्या, मिनिटात धार लागली; टोक तेवढं निळंशार झालं. अण्णांनी बोट फिरवलं. "अच्छा, छान झाली," म्हणाले. मग महिनाभर ते बाल्कनीत तीच पटाशी दगडावर घासत राहिले. "ग्राइंडर असताना हात कशाला मोडून घेताय?" म्हणत सुधन्वाने अबोला धरला. अण्णा गेल्यावर त्यांच्या जुन्या सोबत्यांना त्याने निळ्या टोकाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बेटा, लोहा तपकर नीला पड़ जाए, तो धार नहीं टिकती. उतना नीला हिस्सा घिसकर निकालना पड़ता है." सुधन्वाने पटाशी उजेडात धरली. ती बोटभर आखूड झाली होती. त्याच्या चुकीची एक रेघही अण्णांनी तिच्यावर ठेवली नव्हती.