पायरीवरचा ढालकिडा

“बाई, छत्री आत आणा ना, चोरीला जाईल,” विभागप्रमुख म्हणाला. एकेकाळी तो बाईंचाच विद्यार्थी.

“पायरीवरच असू दे. तिला तिथली सवय आहे.” निवृत्त बाईंनी चष्मा पुसला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

टाचणीवर एक ढालकिडा होता. लाल पाठ, काळे ठिपके, मधले दोन एकमेकांना जोडलेले. मसुराएवढ्या या किड्याने अख्खा प्राणिशास्त्र विभाग डोक्यावर घेतला होता. ‘नवी जात’ म्हणून शोधनिबंध तयार होता, फक्त बाईंची सही हवी होती. ढालकिड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“नेहमीचाच आहे,” बाई म्हणाल्या.

“बाई! आणि हे जोडलेले ठिपके?”

“ठिपक्यांवर जाऊ नकोस. एकाच आईची पिल्लं दहा तऱ्हांची निघतात. नर असता तर पोट उघडून जननेंद्रियावरून जातीची खात्री केली असती. ही मादी. दुसरा मिळालाय?”

“नाही ना. हा एकच, आपल्या विभागाच्या पायरीवर. सगळा परिसर पालथा घातला.”

“मग नेहमीचाच.”

त्याचा तोल सुटला. “तुमच्या नावाचा किडा आहे. माझ्या नावाचा झाला तर पोटात दुखतं का?”

बाईंनी भिंतीवरच्या काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. “माझं नाव छापून आलं आणि तो मिळायचा त्या टेकडीवर किडे गोळा करणाऱ्या हौशी लोकांची झुंबड उडाली. आता तो फक्त पेट्यांत सापडतो.”

“विषय बदलू नका. लोक म्हणतील, म्हातारीची नजर गेली.”

“खुशाल म्हणू देत. मी सही करणार नाही. काय करायचं ते कर, जा.”

त्याचा पडलेला चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं. हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. पण त्या बधल्या नाहीत. पायरीवरची छत्री उचलून, ती न उघडताच, भर उन्हातून घरी आल्या.

परसातल्या कुंपणावर ही छत्री एरवी टांगलेली असायची. तिथेच त्यांनी ती हळूच उघडली. काडीवरून एक ढालकिडा चालत बाहेर आला.

“पुन्हा आलास का बरोबर?” बाईंनी त्याला बोटावर घेऊन कुंपणावर सोडलं. तिथे पानापानांवर त्याचे भाऊबंद बसले होते, प्रत्येकाचे मधले दोन ठिपके जोडलेले.

“घरीच राहा रे,” बाई म्हणाल्या. “मोठ्या मुश्किलीने बिननावाचं ठेवलंय तुम्हाला.”