रिकामी तक्रारपेटी

परदेशी मदतीतून वस्त्यांना नळ देणाऱ्या संस्थेत दोघे साडू कामाला होते. संस्थेचं नवं धोरण असं, की पाणी ही मेहेरबानी नाही, लोकांचा हक्क आहे; तेव्हा ज्याच्या वस्तीतले लोक बेधडक तक्रारी करतील, त्याने त्यांना हक्क नीट शिकवला असं धरायचं. धाकट्या साडूविरुद्ध तक्रारींचा ढीग पडला आणि त्याला बढती मिळाली. थोरल्याच्या तक्रारपेटीत नुसती पाल राहायची.

"धाकटीच्या नवऱ्याला लोक केवढ्या शिव्या घालतात," जेवायला वाढताना बायको कौतुकाने म्हणाली. "नाहीतर तुम्ही."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने वस्ती गाठली आणि नळावरच्या आजीपुढे चक्क हात जोडले. "आजी, माझी एक तरी तक्रार करा. पाणी उशिरा येतं म्हणा, मी उर्मट आहे म्हणा, काहीही म्हणा."

"खोटं कशाला बोलू? पाणी वेळेवर येतं, आणि तुम्ही म्हणजे गरीब गाय," आजी बादली विसळत म्हणाली. "शिवाय तक्रार करायची की नाही, तो हक्क माझा. तुम्हीच शिकवलंत. आता उगाच मागे लागलात, तर मात्र खरंच तक्रार करीन."



थोरल्याने नळाशेजारी ऐसपैस बैठक मारली. "आजी," तो म्हणाला, "मला संध्याकाळपर्यंत दुसरं काहीच काम नाही."