यशवंतरावांचं नाक

अत्तरवाल्या चाचाने बाटली मुठीत झाकली आणि काडी यशवंतरावांच्या मनगटावर ओढली. "बोलो पटेल, क्या है?"

तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या बस स्टँडसमोर चाचाची टपरी. यशवंतराव आले की हा खेळ ठरलेलाच. आसपासच्या गावांत कुणाचंही लग्न निघो, अत्तर पसंत करायला माणसं यशवंतरावांनाच धरून आणत. चाचा नाव लपवी, हे डोळे मिटून ओळखत, आणि आजवर कधी चुकले नव्हते. त्यामुळे चहावाला, पानवाला, ढाब्यावरचे ट्रक ड्रायव्हर, सगळे हातातली कामं टाकून उभे राहिले. आज तर अत्तर त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या लग्नासाठी घ्यायचं होतं.

यशवंतरावांनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, मान हलवली. मग मनगट पुन्हा नाकाशी नेलं.

मागे पिशवी घेऊन रेणुकाबाई उभ्या होत्या. नवऱ्याच्या मानेवर फुटलेला घाम त्यांना दिसला. हिवाळ्यात हा माणूस तापाने अंथरुणाला खिळला होता. त्यानंतर एकदा चुलीवरचं दूध करपलं, घरभर वास, आणि हा चुलीपाशीच बसून निवांत सुपारी कातरत होता. तेव्हा त्यांना वाटलं, असेल लेकीच्या लग्नाच्या विचारात. आता कळलं. वास येणंच बंद झालं होतं बिचाऱ्याला, आणि सांगायची लाज.

"क्या पटेल, भूल गए क्या?" चाचा हसला. पानवालाही हसला.

"अवो, गुलाब काय हुंगत बसले घडीभर?" रेणुकाबाई मागून कडाडल्या. "अजून बांगड्या घ्याच्या हायेत. बस निघून जाईन."

"गुलाब हाय," यशवंतराव म्हणाले. "इतकं सोपं काऊन देऊन राह्यला, चाचा?"

लोक खूश. चाचाने दुसऱ्या मनगटावर दुसरी काडी ओढली. रेणुकाबाई जरा पुढे सरकल्या. हा वास तर रोजच त्यांच्या पाण्याच्या माठात असे.

"भर उन्हायाचं लगीन," त्या पानवाल्याला ऐकवत म्हणाल्या, "वाळ्याबिगर दुसरं काय घेईन मानूस?"

"वाळा," यशवंतराव लगेच म्हणाले. "अन् असली हाय." या 'असली'ची काही एक गरज नव्हती, पण पुरुषमाणसाला जरा जीव आला की एवढा जोर चढतोच.

चाचाही आता हट्टाला पेटला. त्याने खालच्या पेटीतून एक बारीक कुपी काढली. "ये नया आया है. इसको बोले तो मान गया तुमको."

यशवंतरावांनी हुंगलं आणि थांबले. रेणुकाबाईंनीही मान पुढे करून वास घेतला आणि त्यांची पंचाईत झाली. मोगरा नाही, केवडा नाही, चंदनही नाही. हा फुलाचा वासच नव्हता. चहाच्या टपरीवरचा ट्रान्झिस्टर तेलुगूत बातम्या सांगत होता, लोक वाट बघत होते. रेणुकाबाई गोंधळून पायांखाली बघू लागल्या.

"अगं माय, सडा कोनं टाकला इथं?" त्या बोलून गेल्या. या खेपेला त्या नवऱ्याला काही सुचवत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

यशवंतरावांनी डोळे उघडले. रस्ता कोरडा ठणठणीत होता. सडा कुठेच नव्हता.

"माती," ते हळूच म्हणाले. "वल्या मातीचा वास हाय हा."

"मिट्टी का अत्तर!" चाचाने दोन्ही हात कानांना लावले. "या अल्ला, ये तो तुमने कभी देखा भी नहीं था." ड्रायव्हरने शिट्टी मारली. चहावाला म्हणाला, पटेलांच्या नाकाला तोड नाही.

यशवंतरावांनी खिशातून घरचा कापूस काढला. बाजारच्या कापसाचा फाया ते कानात घालत नसत. चाचाने फाया करून त्या मातीच्या अत्तरात बुडवला आणि त्यांच्या कानात खोचला. लग्नासाठी वाळा बांधून दिला. निघताना त्याने सलाम मात्र रेणुकाबाईंना केला.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. गाव मागे पडलं.

"तुले कवा समजलं?" यशवंतरावांनी विचारलं.

"आज. दूध करपलं तवाच समजाले पाह्यजे होतं. बायकोले तरी सांगाचं नाही काय?"

"कोनाले काय सांगू? व्याही मांडवात येईन, मी त्याच्या हाताले अत्तर लावीन, अन् मलेच वास नाही. लगनात तू माह्या मांगं उभी राह्यजो."

"मी कवा पुढं उभी राह्यली?"

यशवंतरावांनी कानातला फाया काढला आणि रेणुकाबाईंच्या तळहातावर ठेवला. "घे. माह्या कानात वाया जाऊन राह्यला."

बाईमाणसाने कानात फाया घालायची रीत नव्हती. रेणुकाबाईंनी बसमध्ये इकडेतिकडे पाहिलं आणि घातला.

"कसा हाय व, मातीचा वास? सांग न."

"आपल्या लगनाच्या साली तुमी विहीर खंदली. पानी लागलं तवा खालून वल्या मातीची पाटी वर आली. तुमी खालूनच आरडले, रेणुके, पाह्य पाह्य! मी पाटीत हात घातला, कोपरापर्यंत. त्या हाताचा वास."

यशवंतरावांनी डोळे मिटले. बस खड्ड्यांतून आदळत चालली होती.

"आला," ते म्हणाले. "थांब. बोलू नोको."