दहा मिनिटांत

लेकीनं पेटी दुकानाच्या फळीवर ठेवली. ठेवली कसली, आदळली. आतून भरल्या पोटाचा आवाज आला.

"बाबा, उघडायची."

किल्लीवाल्याची कानस हातातच थांबली. "आज?"

"आजच. वरच्या मजल्यावरची ताई चाकांचे बूट विकतेय. घालून बघितले, बरोब्बर बसतात. पाचपर्यंत थांबते म्हणाली, नाहीतर दुसरीला देणार." आणि बाप काय म्हणेल ते आधीच ओळखून, "पुढच्या वर्षी नाही चालणार. पाय वाढतो."

पेटी त्यानंच बनवलेली. ती सहा वर्षांची होती तेव्हा. पत्र्याची, वर नाण्यापुरती फट, पुढे एक कुलूप आणि कुलपाला दोन भोकं. एक किल्ली तिची, एक त्याची. दोन्ही एकदम फिरवल्या तरच उघडणार.

"दोन कशाला?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"एकटीला मोह होतो."

"आणि तुला?"

"मलाही. कुंपणानंच शेत खाल्लं तर?"

तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते.

"माझी किल्ली," तो आता म्हणाला, "हरवली गं."

तिनं मान वर करून दुकानाची पाटी वाचली. मोठ्यानं वाचली. "किल्ली हरवली? काळजी सोडा. कुठलीही किल्ली दहा मिनिटांत." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार पंचवीस. कर सुरू."

पहिलं मिनिट.

शेजारच्या चप्पल शिवणाऱ्यानं दाभण खाली ठेवला. "काय रे, स्वतःचीच हरवलीस? दिव्याखाली अंधार! शेठाणी, याला आगाऊ पैसे देऊ नको हं."

"तारेनं उघडतो ना कधी कधी..." किल्लीवाला बोलून गेला, आणि जीभ चावली.

"तारेनं नको," लेक म्हणाली. "तार चोरांची. तूच सांगितलंस."

दुसरं. तिसरं.

"या मापाच्या कोऱ्या किल्ल्याच संपल्यात."

हे खोटं नव्हतं. भिंतीवरचा त्या मापाच्या, अजून खाचा न पाडलेल्या किल्ल्यांचा खिळा रिकामाच होता. तीन महिन्यांपूर्वी थकलेल्या भाड्यापायी दुकानाचा मालक स्वतःचं कुलूप घेऊन दारात उभा राहिला, त्या दुपारी किल्लीवाल्यानं पेटी उघडली होती. दोन किल्ल्या लागल्या नाहीत. एक वाकवलेली तार पुरली. शनिवारी पैसे परत ठेवू, तो स्वतःला म्हणाला. आणि शनिवारपर्यंत पेटी हलकी लागू नये म्हणून खिळ्यावरच्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या त्यानं आत ओतल्या.

त्याला बारा शनिवार झाले. दर शनिवारी लेकीनं फटीतून नाणं टाकलं, पत्र्याला कान लावला. "हल्ली आवाज किती छान येतो, नाही?"

चौथं.

ती फळीखालून आत आली आणि खण उपसायला लागली. स्क्रू, गंजकी कुलपं, तुटके कडीकोयंडे. खणाच्या तळाशी, कोपऱ्यात, एक कोरी किल्ली.

"सापडली!" तिनं ती फ्रॉकला पुसून त्याच्या तळहातावर ठेवली. "माझ्यावाचून तुझं काही खरं नाही."

पाचवं. सहावं. सातवं.

किल्ली पकडीत आवळली. नमुन्याची गरज नव्हती, खाचा तोंडपाठ होत्या. त्यानं मनाशी ठरवलं. एक खाच जरा खोल गेली की झालं. एवढंच. मग दुसरी कोरी किल्ली उद्या, बाजारात गेल्यावर. तोवर पाच वाजून जातील, बूट दुसरीच्या पायात जातील, लेक रडेल. रडलेली परवडली.

त्यानं कानस टेकवली. डोकं म्हणे, दाब. हात म्हणे, पुरे. पहिली खाच नेमकी झाली. दुसरीला त्यानं डोळे मिटून घेतले, तीही नेमकी झाली. वीस वर्षांत जो हात चुकला नव्हता, त्याला चुकायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. तिसरी. चौथी. पितळेचा भुगा गुडघ्यांवर पडत राहिला.

आठवं.

लेक गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते तिनं घसरत्या चाकांवर असल्यासारखे पुढे-मागे केले. "अहो किल्लीवाले, झालं का? मला पाचच्या आत पोचायचंय."

"शेठाणीला घाई आहे," चप्पल शिवणारा म्हणाला. तोही उठून फळीपाशी आला. एवढ्या वर्षांचा खजिना, बघायला नको?

नववं.

किल्लीवाल्यानं किल्लीवर फुंकर मारली. ती उजेडात धरली. फिरवून पाहिली. पुन्हा फुंकर मारली. मग फुंकण्यासारखं काही उरलं नाही.

"किती झाले?" लेकीनं विचारलं.

"कसले?"

"मजुरीचे."

"राहू दे गं."

"राहू दे कसं? कष्टाचे पैसे कुणाचे बुडवायचे नाहीत. तूच शिकवलंस." तिनं दोन्ही हात पेटीवर ठेवले आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाली, "यातनंच घ्या. उघडली की सगळ्यात आधी तुमचे."

तिनं आपली किल्ली तिच्या भोकात घातली. त्याचा हात धरून त्याची किल्ली त्याच्या भोकात घातली. किल्ली लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

दहावं.

"तीन म्हटलं की दोघांनी एकदम," ती म्हणाली. "एक."