घराची खूण

"जेवण, चहा, प्यायचं पाणी, सगळं तुमच्याकडूनच हवं," नलिनी म्हणाली. "आणि होडीवर दुसरं कुणी नको. फक्त आम्ही घरची माणसं."

वेसाव्याच्या कोळीवाड्यात हरेश्वरच्या ओट्यावर ही बोलणी चालली होती. अंधेरीच्या बाजारात नलिनी नेहमी सगुणाकडूनच मासळी घ्यायची. नलिनीचा भाऊ चंद्रप्रकाश मस्कतहून सुटीवर आला होता आणि आईला, बहिणीला समुद्रात नेऊन पाण्याखालचे मासे दाखवायचे, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून सगुणानंच दोघांना आपल्या नवऱ्याकडे आणलं होतं.

चंद्रप्रकाशनं पिशवीतून रबरी पट्ट्याचा मोठा काचेचा चष्मा आणि एक वाकडी नळी काढली. नळी तोंडात धरून श्वास कसा घ्यायचा तेही दाखवलं. हरेश्वरनं चष्मा उलटासुलटा करून पाहिला.

"म्हंजे जिवंत मासा नुसता बघायचा? धरायचा नाय?"

"नाही. नुसता बघायचा."

"मग जेवायला काय?"

सगळे हसले. दिवस ठरला पुढच्या रविवारचा. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर उतरतो, पाणी जरा निवळतं. जाळ्याला फारसं काही लागत नाही, त्यामुळे होडीही मोकळीच असते. भाड्याचंही जमलं.

"जेवण मी रांधेन," हरेश्वर म्हणाला.

"तुम्ही?" सुके बोंबील निवडत बसलेली सगुणा म्हणाली. "तुमच्या हातचं कालवण मांजर हुंगून जाते."

"मावशी, मग तुम्हीच चला ना," नलिनी म्हणाली. "आईला मळमळतं. होडीवर बाईमाणूस असलं तर तिला धीर येईल. नाहीतर ती पाय ठेवायची नाही."

सगुणाचा हात बोंबलांवरच थांबला.

"ती नाय येणार," हरेश्वर म्हणाला. "आमच्या घरची बाई होडीवर चढत नाय. रीत हाय."

"आणि मी? आई?"

"तुम्ही गिऱ्हाईक."

"वा!" सगुणा म्हणाली. "अंधेरीच्या बायका चढल्या तर होडी तरते, नि घरची चढली की बुडते काय?"

चंद्रप्रकाशला हसू आवरेना. हरेश्वर मात्र हसला नाही. त्यानं दाराकडे पाहिलं. उंबऱ्याआड त्याची आई मंजुळा फाटकं जाळं सांधत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण सुई थांबली नव्हती.

दर नारळी पौर्णिमेला सगुणा गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीच्या नाळेला, पुढच्या निमुळत्या टोकाला, हळदकुंकू लावायची. हात पोचायचा, पाय कधी वर गेला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी हरेश्वर तिला सांगायचा, परतताना आधी देवळाचं शिखर दिसतं, मग दोन उंच माड, आणि माडांच्या बुडाशी आपलं घर, काड्यापेटीएवढं. ती काड्यापेटी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावी, असं तेव्हापासून तिच्या मनात होतं. कुणाला बोलली नव्हती.

"मग राहू द्या काका," नलिनी उठली. चंद्रप्रकाशनं चष्मा पिशवीत घातला.

"थांब ताई," सगुणा म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "भाडं जातंय म्हणून नाय बोलत मी. मला एकदा तिथून आपलं घर बघायचंय."

हरेश्वर हळूच म्हणाला, "काय बघशील गं? मागं ह्या बिल्डिंगा उठल्या. माड त्यांत हरवले. मलापण घर दिसत नाय आता. देवळावरून अंदाज घेतो."

"मग तो अंदाज दाखवा."

हरेश्वरनं पुन्हा दाराकडे पाहिलं. "आये?"

मंजुळानं गाठ मारली, सूत दातानं तोडलं आणि गुडघ्यावर हात टेकत ती ओट्यावर आली. चंद्रप्रकाशपुढे तिनं हात केला. त्यानं चष्मा परत काढून दिला. म्हातारीनं तो डोळ्यांना लावून अंगण बघितलं, ओटा बघितला, सुनेकडेही बघितलं.

"ह्यानं तळ दिसतो?"

"पाणी स्वच्छ असलं तर दिसतो, आजी."

"दर्यातल्या त्या खडकाच्या मागल्या अंगाला ने रे त्यांना," ती हरेश्वरला म्हणाली. "तिथं पाणी निवळ असतं. तुझा बाप सांगायचा."

चष्मा परत देऊन ती आत जायला वळली. उंबऱ्यात थांबली.

"सगुणा, ट्रंकेत तळाला माझं लाल लुगडं हाय. रविवारी निघायच्या आधी ते कौलांवर पसरून ठेव. वर चार दगड ठेव, वाऱ्यानं उडेल."

"कशाला, आये?"

"एवढ्या घरांत आपलं कुठलं, ते कळायला नको तुला?"

मंजुळा खाली बसली. जाळं तिनं पुन्हा मांडीवर ओढलं.

"नि आल्यावर मला सांग, केवढं दिसतं ते. तुझा सासरा म्हणायचा, सुपारीएवढं."