टोक नसलेला सुरा

“हा नको,” ओलिवा म्हणाली आणि सुरा परत काउंटरवर ठेवला.

पेर्दोमोने तो उचलून काचेखाली सारला. सकाळपासून त्याची कंबर धरली होती. सैन्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने फ्लोरेन्सिया शहराच्या बसस्थानकासमोर हे दुकान टाकलं होतं. बूट, झोळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि सुरे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक आयाच. पोरगा भरती झाला की आई यायची आणि सगळ्यात चकचकीत सुरा मागायची.

ही बाई तशी नव्हती. करवतीचे दाते असलेला सुरा तिने हातातही घेतला नाही.

“मुठीत होकायंत्र असलेला दाखवू? पोरांना फार आवडतो.”

“मूठ पोकळ असेल ना त्याची?”

पेर्दोमोने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीची असावी. पायात रबरी बूट, केस घट्ट बांधलेले, चेहरा उन्हाने रापलेला.

“पोकळ आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडेही असाच होता. एकदा नदीला पूर होता. आमच्यातल्या एकाच्या पिशवीचा पट्टा पाण्याखाली मुळांत अडकला. मी कापायला गेलो, तर मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं वाहून गेलं.”

“आणि तो?”

“तोही.”

पेर्दोमो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेला एक सुरा घेऊन आला. काळपट, जाड पाठीचा, बिनचमकेचा.

“हा बघा. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध आहे, वर फक्त लाकूड ठोकलंय. साधं पोलाद. गंज धरेल, पण धार कुठल्याही दगडावर लागेल. असला कोणी मागत नाही. दिसायला कसायाच्या घरचा वाटतो.”

ओलिवाने तो हातात तोलला. अंगठ्याने धार आडवी पाहिली.

“मुळं कापेल?”

“मनगटाएवढी.”

“ओल्या चिकणमातीत घातला तर? खाली दगड असतील. कुदळ-फावडं चालवता येत नाही, अशी जागा आहे.”

“खंदक खणायला लावतात होय पोरांना अजून?” पेर्दोमो हसला. “घाला बिनधास्त. वाकणार नाही. कुठे आहे मुलगा?”

“जंगलात. काग्वान नदीच्या वरच्या अंगाला.”

“वाईट जागा. स्वतःहून गेला?”

“नाही. वर्दीवाल्यांनी बसमधून उतरवून नेला. ट्रकमध्ये घातला. अठरा पूर्ण झाली होती नुकतीच.”

“असंच उचलतात,” पेर्दोमो म्हणाला. “मलाही बाजारातूनच उचललं होतं. हातात आईने आणायला सांगितलेली केळी होती. नाव काय त्याचं?”

“दुवान.”

“दुवानचा हात केवढा आहे? ही मूठ तुमच्या हातात बसतेय, त्याला बारीक पडेल.”

“माझ्या हातात बसतेय ना? मग झालं.”

पेर्दोमोने वाद घातला नाही. आयांशी वाद घालायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याने थर्मासमधली काळी कॉफी दोन कपांत ओतली आणि एक तिच्यापुढे सरकवला. तिने कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

“सार्जंट, एक काम कराल? ह्याचं टोक काढून द्या.”

“काय?”

“टोक घासून गोल करा. धार राहू द्या.”

“अहो बाई, बिनटोकाचा सुरा? सगळी पलटण हसेल त्याला. नाव पाडतील काहीतरी.”

“हसू देत. त्याला लागता कामा नये.”

आयांच्या तऱ्हा पेर्दोमोला नव्या नव्हत्या. एकीने म्यानाच्या आतून संताचं चित्र शिवून घेतलं होतं. दुसरीने पात्यावर पाद्र्याकडून पाणी शिंपडून आणलं होतं. तरी चांगल्या सुऱ्याचं टोक घालवायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. ग्राइंडर सुरू करून तो ठिणग्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिला. ओलिवा मध्ये मध्ये बोट फिरवून पाहायची आणि म्हणायची, “अजून थोडं.” शेवटी टोक नखासारखं गोल झालं, तेव्हा तिने मान हलवली.

“म्यान घ्या. आणि हे तेल,” पेर्दोमो म्हणाला. “त्या बाजूला जाणारे ट्रकवाले माझ्या ओळखीचे आहेत. हवं तर पाठवून देतो, तुमची खेप वाचेल.”

“नको. मीच जाणार आहे.”

“भेटू देतील तुम्हाला?”

“आजवर खूप जणांना विचारून झालं,” ती म्हणाली. “आता कोणाला विचारायचं नाही.”

पेर्दोमोला ते आवडलं. एवढ्या वर्षांत दुकानातून सुरा नेणारी एकही आई तो स्वतः जंगलात पोचवायला निघाली नव्हती. त्याने तिची पिशवी उचलली आणि कंबर सांभाळत तिला सोडायला रस्त्यावर आला.

समोर एक जुनी जीप उभी होती. आत तिच्याच वयाच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, सगळ्यांच्या पायांत तसेच रबरी बूट. त्यांच्या मांड्यांवर चाळण्या होत्या, रंगकामाचे ब्रश होते. मागच्या बाजूला, दोरीने नीट बांधलेली, एक पांढरी लाकडी पेटी होती. माणसासाठी फारच लहान.

“ह्यासुद्धा पोरांनाच भेटायला निघाल्यात?” पेर्दोमोने विचारलं.

“हो,” ओलिवा जीपमध्ये चढत म्हणाली. “माझ्या पोराला पुरलेला खड्डा सापडलाय. ह्यांच्या पोरांचे अजून शोधायचेत.”