पासवर्डचा कौल

"हाही चुकला?" आईनं दारातून विचारलं.

"हाही!" कुआन-तिंगनं कीबोर्ड पुढं ढकलला. बाबांचा वाढदिवस झाला, लग्नाची तारीख झाली, गाडीचा नंबर झाला. कॉम्प्युटर काही दाद देत नव्हता. "आपल्याच घरातला डबा, आणि आपल्यालाच विचारतोय तू कोण म्हणून!"

कॉम्प्युटरनं शहाण्यासारखं वागावं म्हणून बाबांनी त्याच्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. इथं च्याई शहरात निम्म्या दुकानांत ठेवतात तसंच. ते अजून तिथंच होतं. बाबा मात्र गेले, जिन्यावरून पडून.

जिन्याच्या तोंडाशी कॅमेरा होता, बाबांनीच हौसेनं लावलेला. त्यातलं काही बघायचं किंवा पुसायचं तर बाबांचं अ‍ॅडमिन खातं उघडावं लागे. डबा फोडूनही उपयोग नव्हता. एक प्रत कॅमेरावाल्या कंपनीकडं जात होती, आणि तीही याच खात्यातून पुसता येत होती. ताई, म्हणजे ई-रू, उद्या सकाळी तैनानहून एका जाणकार माणसाला घेऊन येते म्हणाली होती. "बाबा आयुष्यभर त्या जिन्यानं चढले-उतरले. असे कसे पडले ते मला बघायचंय," असं तिनं फोनवर ठणकावलं होतं.

त्याच्या आत कुआन-तिंगला ते पुसायचं होतं; त्यासाठीच तो आज सकाळी परत इथं आला होता.

"तुला तरी बघवेल का, आई? म्हातारा माणूस गडगडत खाली येतोय... नकोच ते. मी न बघताच पुसून टाकतो. ताई चिडली तर चिडू दे."

"मला नाही रे बघवणार." आईनं डोळे टिपले. "तू तरी सुटलास. शिन्चूला होतास त्या संध्याकाळी."

फोन आला तसा तो शिन्चूहून धावत आला, हे कुआन-तिंगनं साऱ्या नातेवाइकांना रडत रडत सांगितलं होतं. आताही त्यानं नुसती मान डोलावली.

आईनं पलीकडच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्यांनाच विचारू या का?"

"कोणाला?"

"तुझ्या बाबांना. पितरांचा सातवा महिना चालू आहे, घरीच असतील. कौल लावते."

कुआन-तिंगला हसू आलं. "आई, चष्मा कुठं ठेवला ते जिवंतपणी कधी सांगितलं नाही त्यांनी. आता पासवर्ड सांगणार होय?"

"हसू नकोस. या महिन्यात तर मुळीच नको."

ती पलीकडच्या खोलीत गेली. पूर्वजांचा देव्हारा तिथं होता. मधे भिंत होती, त्यामुळं त्याला दिसत काही नव्हतं; नुसतं ऐकू येत होतं. उदबत्तीचा वास आला. मग कौलाचे दोन लाकडी तुकडे फरशीवर आपटले. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार.

"अहो, पहिला आकडा पाचाच्या वरचा आहे का?"

खट् खट्.

"नाही म्हणतात. मग तीन का?"

खट् खट्.

"तीन! घाल रे."

त्यानं तीन घातला. मग आठ. मग शून्य. सहा आकडी पासवर्ड होता आणि आई एकेक आकडा असा सांगत होती, की जणू कोणी तिच्या कानाशीच बसलंय. बाबा खरंच तिथं असले तर? आणि असले, तर ते हे पुसायला कशाला मदत करतील?

चौथ्या आकड्याला तुकडे आपटले आणि आई गप्पच झाली.

"काय झालं?"

"दोन्ही उताणे पडले. हसताहेत ते."

"हसताहेत? कशाला?"

"मला काय ठाऊक! तूच विचार."

भरदुपारी त्याच्या अंगावर काटा आला. राहू दे आई, बंद कर, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण उद्या ताई येणार होती. तो कसाबसा म्हणाला, "पुन्हा टाक."

तिनं पुन्हा टाकले. एक. मग पाच. मग नऊ.

खातं उघडलं.

"उघडलं, आई!" तो ओरडला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला. त्यानं घाईघाईनं ती तारीख शोधली. नक्की पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यानं हो म्हटलं. दोन्हीकडचं चित्रण पुसलं गेलं.

सुटलो! कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. भिंतीकडं बघून त्यानं मनातल्या मनात बाबांना हात जोडले. आता पासवर्ड तेवढा बदलून टाकावा, म्हणजे ताईच्या माणसानं येऊन काही उकरायला नको, म्हणून त्यानं खात्याची माहिती उघडली.

'पासवर्ड बदलल्याची तारीख : काल.'

त्यानं ते परत वाचलं. डोळे चोळून परत वाचलं. काल? बाबांचे तर अंत्यविधीही कधीच उरकले होते.

"पुसलंस?"

आई त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी होती. ती कधी आली ते त्याला कळलंच नाही.

"हो," तो म्हणाला. "तुला त्रास नको म्हणून."

"एकदासुद्धा बघितलं नाहीस?"

"म्हटलं होतं ना, न बघताच..."

"ई-रू आणि तो जाणकार माणूस कालच येऊन गेले," आई म्हणाली. "आम्ही सगळं बघितलं. तुला बघायची गरजच नव्हती रे. तू बाबांच्या मागंच उभा होतास."